अमेरिकेतील विद्यार्थी काँग्रेस आणि अभिरूप विधेयके : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : विद्यार्थी काँग्रेस, अभिरूप विधेयक, विधेयक-लेखन, नागरिकशिक्षण, युवा संसद.

प्रस्तावना :

कायदा कसा तयार होतो, हे आपल्याकडे राज्यशास्त्राच्या वर्गात विधेयकाच्या तीन वाचनांच्या आधारे शिकविले जाते. विद्यार्थी हे टप्पे पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत लिहितातही. परंतु ज्या विधेयकाची ही तीन वाचने होतात त्या कागदावर नेमके काय लिहिलेले असते, हा प्रश्न सहसा अनुत्तरित राहतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील अभिरूप संसदेच्या तयारीची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे होती. ‘मंत्र्यांनी’ उभे राहून पाणीपुरवठ्याविषयीचे विधेयक मांडले, विरोधकांनी आवेशाने विरोध केला, आवाजी मतदान झाले आणि विधेयक संमत झाले. तालीम संपल्यावर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण या विधेयकात लिहिलंय काय?” तपासून पाहिले तेव्हा विधेयकाचे केवळ नाव होते, मजकूर कोणीही लिहिलेला नव्हता. जो कागद अस्तित्वातच नव्हता त्यावर अर्धा तास चर्चा झाली होती. त्या प्रश्नातून प्रस्तुत अभ्यासाची सुरुवात झाली.

अमेरिकेतील माध्यमिक शाळांमध्ये ‘स्टुडंट काँग्रेस’ अर्थात विद्यार्थी काँग्रेस नावाचा वादविवादाचा एक प्रकार १९३८ पासून रूढ आहे. या प्रकारात विद्यार्थी देशांतर्गत धोरणाच्या प्रश्नांवर स्वतः विधेयके लिहितात आणि त्या लिखित मजकुरावरच चर्चा व मतदान होते. या परंपरेचा उगम, तिची रचना आणि तिच्या मर्यादा यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे आणि त्या प्रकाशात आपल्याकडील युवा संसदेकडे पाहणे, असा या निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. अमेरिकेतील विद्यार्थी काँग्रेसच्या उगमाची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. अभिरूप विधेयकाच्या रचनेचे शैक्षणिक महत्त्व प्रत्यक्ष कायद्यांच्या उदाहरणांच्या आधारे तपासणे.
३. या परंपरेच्या मर्यादा नोंदविणे व भारतातील युवा संसदेशी तिची तुलना करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधनपद्धतीचा अवलंब केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

विद्यार्थ्यांनी संसदेचे अनुकरण करण्याची कल्पना अमेरिकेची एकटीची नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज युनियन (१८१५) व ऑक्सफर्ड युनियन (१८२३) या विद्यार्थी वादसभांनी भावी संसदपटूंची मोठी परंपरा घडविली. मात्र त्यांचा भर भाषणावर होता. तेथे सभेपुढे एका वाक्याचा ठराव असे आणि वक्त्याचे कौशल्य हीच मुख्य कसोटी ठरे.

अमेरिकेत या विचाराला निराळे वळण मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९५ मध्ये विल्यम जॉर्ज यांनी न्यूयॉर्क राज्यातील फ्रीव्हिल येथे ‘जॉर्ज ज्युनिअर रिपब्लिक’ ही मुलांची वसाहत स्थापन केली. तेथे मुले आपले नियम स्वतः करीत आणि न्यायालयही स्वतःच चालवीत. नागरिकत्व उपदेशातून न येता प्रत्यक्ष आचरणातून येते, हा या प्रयोगामागील विचार होता. जॉन ड्यूई यांनी १९१६ च्या ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात याच विचाराला तात्त्विक बैठक दिली. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून ती एकत्रित जगण्याची रीत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कोलंबिया विद्यापीठात ड्यूई यांचे विद्यार्थी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लोकशाहीविषयक चिंतनातही हा धागा आढळतो, हे मराठी वाचकांस परिचित आहे.

याच सुमारास कायद्याचा मसुदा लिहिणे हे स्वतंत्र शास्त्र मानले जाऊ लागले. विस्कॉन्सिन राज्यात चार्ल्स मॅकार्थी यांनी १९०१ मध्ये मॅडिसन येथे विधिमंडळासाठी संदर्भ ग्रंथालय सुरू केले. सामान्य शेतकरी किंवा कामगार म्हणून निवडून आलेल्या सदस्यास विधेयक लिहिण्यासाठी बड्या कंपन्यांच्या वकिलांकडे जावे लागू नये, अशी त्यामागची भूमिका होती. चांगला हेतू सदोष मसुद्यामुळे न्यायालयात पराभूत होतो, हा त्या काळाचा कटू अनुभव होता. त्याच विस्कॉन्सिन राज्यातील रिपन या छोट्या गावी, रिपन महाविद्यालयातील प्राध्यापक ब्रुनो जेकब यांनी १९२५ मध्ये ‘नॅशनल फोरेन्सिक लीग’ ही शालेय वादविवादाची राष्ट्रीय संघटना उभी केली. या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३१ मध्ये रिपन येथेच भरली, तर विद्यार्थी काँग्रेसचा प्रारंभ १९३८ मध्ये झाला. २०१४ मध्ये या संघटनेने ‘नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन’ हे नाव धारण केले. वादविवादाच्या या प्रकारालाही पुढे ‘काँग्रेशनल डिबेट’ असे संबोधन रूढ झाले.

१९३८ हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. महामंदीने अमेरिकन समाज हादरलेला होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ कार्यक्रमातून १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला होता आणि १९३८ मध्ये ताशी २५ सेंट किमान वेतन ठरविणारा कायदा संमत झाला. युरोपात हुकूमशाही बळावत होती. अशा वेळी तरुणांना लोकशाही प्रक्रियेशी जोडण्यासाठी अनेक उपक्रम निघाले. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने १९३५ मध्ये इलिनॉय राज्यात ‘बॉईज स्टेट’ सुरू केले. १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ‘वाय.एम.सी.ए.’ने ‘युथ अँड गव्हर्नमेंट’ हा उपक्रम हाती घेतला. मुलींसाठी ‘गर्ल्स स्टेट’ १९३७ मध्ये आले. म्हणजेच विद्यार्थी काँग्रेस ही एखाद्या प्राध्यापकाची सुटी कल्पना नव्हती. तो एका अस्वस्थ दशकाने लोकशाहीच्या भवितव्याविषयीच्या चिंतेला दिलेला प्रतिसाद होता.

अभिरूप विधेयकाची रचना :

विद्यार्थी काँग्रेसचे वेगळेपण तिच्या कागदात आहे. सर्वसाधारणपणे विधेयक एका पानात बसविले जाते आणि त्याच्या प्रत्येक ओळीला क्रमांक दिलेला असतो, जेणेकरून सभासदास नेमक्या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारता यावा. येथे जमलेली काँग्रेस पुढीलप्रमाणे अधिनियमित करीत आहे, अशा आशयाच्या वाक्याने आरंभ होतो आणि त्यापुढे पाच कलमे येतात. पहिल्या कलमात प्रस्तावित धोरण सांगितले जाते. दुसऱ्यात संदिग्ध शब्दांच्या व्याख्या असतात. तिसऱ्यात कोणती शासकीय यंत्रणा कायद्याची अंमलबजावणी करील आणि ती कशी करील, हे नमूद होते. चौथ्यात अंमलाची तारीख येते. पाचव्यात या कायद्याशी विसंगत असलेले अन्य कायदे रद्दबातल ठरविले जातात.

ही रचना वरवर पाहता कारकुनी वाटते. परंतु प्रत्येक कलम विद्यार्थ्यास एक अवघड प्रश्न विचारते. ‘बेघर व्यक्तींना निवारा द्यावा’ असे भाषणात म्हणणे सोपे आहे. विधेयक लिहिताना मात्र बेघर कोणास म्हणावे, नातलगाच्या घरी तात्पुरता आश्रय घेतलेले कुटुंब त्यात येते काय, हे ठरवावे लागते. निवारा कोणते खाते देणार आणि पैसा कोठून येणार, हे सांगावे लागते. अंमलाची तारीख लिहिताना संघराज्य शासनाचे आर्थिक वर्ष १९७६ पासून १ ऑक्टोबरला सुरू होते, हे माहीत असावे लागते. सदिच्छेचे धोरणात रूपांतर होताना जी झीज होते, तिचा अनुभव विद्यार्थ्यास येथे प्रथम येतो.

विधेयकाखेरीज ठराव हा दुसरा प्रकार आहे. ज्या बाबतीत काँग्रेसला थेट कायदा करता येत नाही किंवा केवळ मत व्यक्त करावयाचे आहे, तेथे ‘ज्याअर्थी... त्याअर्थी...’ या पद्धतीने कारणमीमांसा करून ठराव मांडला जातो. राज्यघटना दुरुस्तीचा प्रस्तावही ठरावाच्या रूपाने येतो.

सभेचे कामकाजही लिखित मजकुराभोवती फिरते. विधेयक मांडणाऱ्यास तीन मिनिटे बोलण्याची संधी मिळते आणि त्यानंतर दोन मिनिटे सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. पुढे विरोधी व अनुकूल भाषणे आळीपाळीने होतात. पीठासीन अधिकारी विद्यार्थ्यांमधूनच निवडला जातो. ज्याची भाषणे कमी झाली आहेत त्यास आधी संधी, आणि भाषणे समान असल्यास ज्याने अधिक पूर्वी भाषण केले आहे त्यास आधी संधी, असा नियम त्यास काटेकोरपणे पाळावा लागतो. संधीचे न्याय्य वाटप ही गोष्ट येथे नियमातूनच शिकविली जाते.

तीन कायदे, तीन धडे :

अभिरूप विधेयकाची कलमे केवळ औपचारिक नाहीत, हे अमेरिकेच्या प्रत्यक्ष कायदेविषयक इतिहासातून स्पष्ट होते. तरुणांच्या जिव्हाळ्याचे तीन देशांतर्गत प्रश्न या दृष्टीने पाहता येतील.

पहिला प्रश्न मतदानाच्या वयाचा. अठराव्या वर्षी युद्धावर पाठविता येणाऱ्या तरुणास मतदानाचा अधिकार एकविसाव्या वर्षी का, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धापासून विचारला जात होता. १९७० मध्ये काँग्रेसने साध्या कायद्याने मतदानाचे वय अठरा केले. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ओरेगॉन वि. मिचेल’ खटल्यात हा कायदा केवळ संघराज्य पातळीवरील निवडणुकांपुरता वैध ठरविला. राज्यांच्या निवडणुकांसाठी घटनादुरुस्ती आवश्यक झाली आणि १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती अस्तित्वात आली. विधेयक आणि घटनादुरुस्तीचा ठराव यांतील भेद विद्यार्थ्यास शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्याकडेही मतदानाचे वय २१ वरून १८ करण्यासाठी एकसष्टावी घटनादुरुस्ती करावी लागली व ती १९८९ मध्ये अमलात आली.

दुसरा प्रश्न मद्यपानाच्या वयाचा. मद्यविषयक नियमनाचा अधिकार तेथे मुख्यत्वे राज्यांकडे आहे. तरीही १९८४ च्या कायद्याने हे वय देशभर एकवीस करण्याचे उद्दिष्ट साधले गेले. त्यासाठी काँग्रेसने राज्यांना आज्ञा केली नाही. ज्या राज्यांत वय कमी असेल त्यांच्या महामार्ग निधीचा काही भाग रोखण्याची तरतूद तिने केली. १९८७ च्या ‘साउथ डाकोटा वि. डोल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत ग्राह्य धरली. येथे कायद्याचे यश अंमलबजावणीच्या कलमात होते. अंमलबजावणीचा मार्ग योग्य निवडला नसता तर उद्दिष्ट कितीही योग्य असूनही कायदा टिकला नसता.

तिसरा प्रश्न शाळेतील शस्त्रांचा. १९९० मध्ये काँग्रेसने शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणे हा संघराज्य पातळीवरील गुन्हा ठरविला. १९९५ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स वि. लोपेझ’ खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा रद्द केला. शाळेजवळ शस्त्र असणे योग्य की अयोग्य, हा त्या निकालाचा मुद्दाच नव्हता. आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराखाली काँग्रेसला हा कायदा करता येतो काय, एवढाच प्रश्न होता. पुढे १९९६ मध्ये काँग्रेसने आंतरराज्य व्यापाराशी संबंध दर्शविणारे मोजके शब्द घालून कायद्यात सुधारणा केली. मुलांच्या जिवाशी निगडित कायदा मजकुरातील काही शब्दांच्या अभावी कोसळला आणि काही शब्दांच्या आधारे पुन्हा उभा राहिला. शब्दयोजना हा कायद्याचा अलंकार नसून त्याचा पाया आहे, हे यावरून ध्यानात येते.

विद्यार्थ्यांचा आवाज आणि त्याची किंमत :

अभिरूप सभागृहातील निर्णयास कायदेशीर मूल्य नसते. तथापि त्यास सामाजिक मूल्य नसते, असे म्हणता येणार नाही. जुलै १९६३ मध्ये ‘बॉईज नेशन’ या राष्ट्रीय अभिरूप सिनेटसाठी विविध राज्यांतील मुले वॉशिंग्टनमध्ये जमली होती. देशात वर्णभेदाच्या प्रश्नावरून संघर्ष पेटलेला होता. या मुलांनी नागरी हक्कांच्या बाजूने भूमिका घेतली. २४ जुलै रोजी व्हाइट हाउसमध्ये त्यांचे स्वागत करताना राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी मायामी येथील राज्यपालांच्या परिषदेपेक्षा काही बाबतींत या मुलांनी अधिक पुढाकार दाखविल्याचे म्हटले. त्या मुलांमध्ये आर्कान्सा राज्याचा प्रतिनिधी म्हणून आलेला बिल क्लिंटनही होता. नागरी हक्क कायदा संमत झाला तो पुढील वर्षी, १९६४ मध्ये. त्या कायद्याचे श्रेय मुलांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रौढ नेते ज्या प्रश्नावर कचरत होते त्यावर मुलांनी स्पष्ट भूमिका घेतली, ही नोंद महत्त्वाची आहे.

याउलट विद्यार्थ्यांच्या वादविवादाची भीती वाटल्याचेही उदाहरण आहे. १९५४-५५ या वर्षी महाविद्यालयीन वादस्पर्धांसाठी साम्यवादी चीनला राजनैतिक मान्यता द्यावी काय, असा विषय निवडण्यात आला होता. हा विषय परराष्ट्र धोरणाचा असला तरी प्रसंग बोलका आहे. वेस्ट पॉइंट व ॲनापोलिस येथील लष्करी व नौदल अकादमींच्या विद्यार्थ्यांना या विषयावर वाद करण्यास मज्जाव करण्यात आला. एखाद्या मताची बाजू स्पर्धेत मांडणे म्हणजे त्या मताचा स्वीकार करणे, असा समज शीतयुद्धाच्या वातावरणात बळावला होता. वर्गात विरोधी बाजू मांडता येणे ही लोकशाहीची साधी अट आहे. ती अट किती सहज मोडू शकते, हे या प्रसंगातून दिसते.

मर्यादा :

या परंपरेचे गुणगान करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. स्पर्धेत गुण मिळतात ते वक्त्यास, विधेयकाच्या मसुद्यास नव्हे. त्यामुळे विधेयक केवळ भाषणाचे निमित्त ठरण्याचा धोका तेथेही आहे. प्रत्यक्ष काँग्रेसमधील खरे काम समित्यांत होते. तडजोडी होतात, दुरुस्त्या स्वीकारल्या जातात, मतदारसंघाचा दबाव असतो. वैयक्तिक क्रमांकासाठी चाललेल्या स्पर्धेत तडजोडीला फारसे स्थान उरत नाही. शिवाय प्रवास, निवास व प्रशिक्षण यांचा खर्च पेलणाऱ्या शाळांचाच अशा स्पर्धांत वरचष्मा राहतो. लोकशाहीचे शिक्षण ऐपतीवर अवलंबून राहणे ही विसंगती आहे.

भारतातील युवा संसद : तुलनात्मक विचार :

भारतातील युवा संसदेच्या इतिहासात मुंबईचे विशेष स्थान आहे. १९६२ मध्ये मुंबईत भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय पक्षप्रतोद परिषदेने शैक्षणिक संस्थांत व पंचायतींत अभिरूप संसदा भरवाव्यात, अशी शिफारस केली. त्यानुसार संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६ मध्ये दिल्लीतील शाळांपासून युवा संसद योजना सुरू केली. पुढे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि विद्यापीठे-महाविद्यालये यांपर्यंत तिचा विस्तार झाला. या योजनेमुळे हजारो विद्यार्थ्यांना सभागृहाची शिस्त, प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना यांची ओळख झाली, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि आपली युवा संसद मुख्यत्वे कामकाजाचे सादरीकरण करते. सुमारे तासाभराच्या बैठकीत शपथविधीपासून विधेयकापर्यंत सर्व काही दाखवावयाचे असल्याने संहिता आधी लिहून पाठ केली जाते. प्रश्न ठरलेला असतो, उत्तरही ठरलेले असते आणि विधेयकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. यास आपली वक्तृत्वाची उज्ज्वल परंपराही काही अंशी कारणीभूत असावी. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून महाराष्ट्राने वाणीचा सन्मान केला. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा हे आपल्या शैक्षणिक जीवनाचे भूषण आहे. मात्र बोलण्याइतके मसुदा लिहिण्यास आपण महत्त्व दिले नाही.

वास्तविक महाराष्ट्राजवळ मसुदा-लेखनाचा वस्तुपाठ ठरावा असा कायदा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या अधिनियमाने कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा अधिकार कोणास, काम किती दिवसांत द्यावयाचे, ते न दिल्यास काय, जबाबदार अधिकारी कोण आणि निधी कोठून, या प्रश्नांची उत्तरे त्या व्यवस्थेत शोधता येतात. व्यवसाय करातून उभा राहणारा निधी आणि त्यात शासनाची भर, ही तरतूद तर ‘पैसा कोठून’ या प्रश्नाचे आदर्श उत्तर आहे. अमेरिकन विद्यार्थी ज्या पाच कलमांशी झुंजतो, त्यांचे मराठी मातीतील रूप येथे आढळते. हा अधिनियम समोर ठेवून विद्यार्थ्यांना एका पानाचे विधेयक लिहावयास लावणे कोणत्याही महाविद्यालयात विनाखर्च शक्य आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या संसदेने केवळ चौदा खाजगी सदस्य विधेयके संमत केली आणि त्यांपैकी अखेरचे १९७० मध्ये, हे वास्तवही येथे नोंदविले पाहिजे. विधेयक लिहिणे हे फक्त शासनाचे काम आहे, अशी धारणा आपल्या सार्वजनिक जीवनात खोलवर रुजली आहे. तिचे प्रतिबिंब अभिरूप संसदेत पडले तर नवल नाही.

निष्कर्ष :

१. अमेरिकेतील विद्यार्थी काँग्रेस ही महामंदीच्या काळातील नागरिकशिक्षणाच्या व्यापक चळवळीचा भाग होती. तिच्यामागे कृतीतून शिक्षणाचा विचार आढळतो.

२. तिचे खरे योगदान लिखित विधेयकात आहे. व्याख्या, यंत्रणा आणि तारीख लिहिण्याच्या सक्तीमुळे विद्यार्थी मतप्रदर्शनाकडून जबाबदारीकडे वळतो.

३. मतदानाचे वय, मद्यपानाचे वय व शाळांतील शस्त्रे यांविषयीच्या कायद्यांचा इतिहास पाहता कायद्याचे भवितव्य त्याच्या हेतूइतकेच त्याच्या मसुद्यावर अवलंबून असते.

४. गुणदानात मसुद्यास स्थान नसणे, तडजोडीचा अभाव आणि आर्थिक विषमता या तेथील मर्यादा आहेत. म्हणून त्या पद्धतीचे अंधानुकरण उचित नाही.

५. आपल्याकडील युवा संसदेत विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या किमान एका विधेयकाचा समावेश व्हावा. त्याची प्रत प्रत्येक सभासदाच्या हाती असावी आणि मसुद्यासही गुण असावेत.

आरंभी उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न साधा होता. परंतु आपल्या नावाने संमत होणाऱ्या कायद्यात काय लिहिले आहे, हे विचारणे हाच नागरिकत्वाचा आरंभ होय. हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी घडविणे आणि त्यांच्या हाती उत्तरादाखल लिहिलेला कागद देणे, हे राज्यशास्त्र व इतिहास या विषयांच्या अध्यापकांचे कर्तव्य आहे.